मातीला आलेली गाडी

"मातीला आलास, लई बरं केलंस बाबा," कोंडाबाई आत्या फोनवर रडत म्हणाली. आणि मी ज्याच्या मातीला जाऊन आलो होतो तो माणूस कोण, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा नांदेडला, तरोडा नाक्याजवळच्या माझ्या इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात होतो. एका गिऱ्हाइकाच्या बॅटरीत पाणी घालत होतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण, राहते चाकूरला, आमच्या मूळ गावी. मी चाकूरला दोन वर्षांत पाय ठेवला नव्हता.

"आत्या, कुणाच्या…" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"काही बोलू नको. सोमवारी समद्यांनी बघितलं. रुसवा धरला न्हाईस, खांदा दिलास, न बोलता निघून गेलास. आपलं रगत हाय शेवटी," असं म्हणून तिने हुंदका दिला आणि फोन ठेवला.

पाणी बॅटरीतून बाहेर वाहायला लागलं. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा कुठे मी भानावर आलो.

रुसवा म्हणजे माझा आणि थोरल्या भावाचा, संगप्पाअण्णाचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं, वीरेशचं लग्न झालं. त्या लग्नाची पत्रिका मला मोबाईलवर आली. सख्ख्या भावाला! ना कुणी अक्षता घेऊन घरी आलं, ना अण्णाने स्वतः फोन केला. वीरेशने पत्रिकेचा फोटो पाठवला आणि खाली हात जोडलेलं चित्र. मी लग्नाला गेलो नाही. शिल्पा, माझी बायको, म्हणाली, "आजकाल सगळे असंच पाठवतात हो." मी म्हणालो, सगळ्यांना पाठवा, भावाला नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे. तर मी गेलो नाही म्हणून अण्णा रागावला, आणि अण्णा उलट रागावला म्हणून मी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. त्यामुळे गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे मला कळायचं बंद झालं होतं.

म्हणजे गेलं ते अण्णाच्या घरातलं. पण कोण? अण्णा तर नाही?

आत्याला परत फोन लावावा तर विचारणार काय? ज्याला मी खांदा दिला असं तू म्हणतेस, तो कोण होता, असं? माणूस वेडा झाला म्हणतील. अण्णाचा नंबर मी काढला आणि नुसता बघत बसलो. त्याने उचलला तर तो जिवंत आहे हे कळेल, पण मग बोलायचं काय? आणि वीरेशने उचलला तर? मी फोन उलटा करून काउंटरवर ठेवला.

आणि सगळ्यात मोठं कोडं वेगळंच होतं. सोमवारी दिवसभर मी याच दुकानात होतो. मग चाकूरला खांदा कुणी दिला?

ते कोडं मात्र लवकर सुटलं. माझ्यासारखा दिसणारा माणूस चाकूरला गेला नसेल, पण माझी गाडी गेली असेल.

गाडीचं असं आहे. पांढरी गाडी, मागच्या काचेवर ठळक अक्षरांत 'स्वप्नाली', माझ्या मुलीचं नाव. हौसेने घेतली, आणि दुकानासमोर उभी राहून राहून तिच्यावर धूळ बसायला लागली. शिल्पा रोज टोमणे मारायची, की उभी राहून हप्ता खाऊन राहिली, म्हशीला निदान दूध तरी असतं. म्हणून चार-पाच महिन्यांपूर्वी मी ती रिजवानकडे दिली. रिजवान आमच्याच रस्त्यावर गाड्या भाड्याने देतो, ड्रायव्हर नाही, ज्याची त्याने चालवायची. आता पांढऱ्या पाटीची खासगी गाडी अशी भाड्याने द्यायला परवानगी नाही, हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही. पण तो म्हणाला, "मन्मथभाऊ, टेन्शन घेऊ नका. नेणाऱ्याला मी पढवून ठेवतो. कोणी हटकलं तर एकच सांगायचं, मन्मथ चाचाची गाडी हाय, चाचा सोबतच आलेत, आत्ताच इकडं कुठं गेलेत. बस. वाट बघून बघून साहेब लोक निघून जातात."

तेव्हा मला ही युक्ती फार पसंत पडली होती. माझ्या नावाला एवढा भाव आहे म्हणून थोडी फुशारकीही वाटली होती.

त्यानंतर मधूनमधून चमत्कारिक गोष्टी कानावर यायच्या. कुणीतरी म्हणायचं, काल तुम्ही देगलूरला बाजारात होतात ना, हात केला तर बघितलं नाही. एकदा स्वप्नालीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, सहलीला कुठं गेला होतात, गाडी दिसली. मी आधी खुलासा करायचो. मग कंटाळा आला आणि नुसता "हाव" म्हणायला लागलो. गावभर भाड्याची गोष्ट सांगण्यापेक्षा देगलूरच्या बाजारात असणं सोपं होतं.

मी रिजवानला फोन लावला. "सोमवारी गाडी कुणाकडं होती?"

"जुबेरकडं. एसीचं काम करतो तो पोरगा. लातूरला सासुरवाडी हाय, बायको-लेकराला आणायला गेलता. का हो, काही घासलं का?"

"त्याचा नंबर दे."

जुबेरने लगेच उचलला. मागे तान्हं बाळ रडत होतं. मी नाव सांगितल्याबरोबर तो घाबरला. "चाचा, गाडी एकदम नीट दिली मी. धुऊन दिली."

"गाडीचं सोड. चाकूरला कुणाच्या मातीला गेला होतास?"

तो फोन घेऊन बाहेर आला. मग म्हणाला, "चाचा, मी लातूरला निघालतो. चाकूरला माझी खाला, म्हंजे मावशी राहती, तिला सोबत घ्यायचं होतं. गल्लीत शिरलो तर समोरून मयत आली. गाडी मागं घेता येईना. मी बंद केली, बाजूला उभा राहिलो. माझी अम्मी म्हणती, कुणाचा बी जनाजा दिसू दे, खांदा दे. मी डोक्याला रुमाल बांधला आन गेलो. चूक झाली का?"

"नाही. तुला कुणी काही विचारलं?"

"विचारलं ना. एकानं गाडीकडं बघून विचारलं, ही कुणाची? मला वाटलं आरटीओचा माणूस हाय. मी रिजवानभाईनं सांगितलं तेच सांगितलं. मन्मथ चाचाची हाय, चाचा सोबतच आलेत, आत्ताच इकडं गेलेत. त्यो माणूस तर रडायलाच लागला. मला काही समजलंच न्हाई. मी खांदा दिला, गल्लीच्या तोंडापर्यंत चाललो, आन गाडी काढून निघालो."

"जुबेर, घर कसं होतं? आणि मयत… बाप्या होता की बाई?"

"निळं गेट होतं, चाचा. बाई होत्या. तुमच्या लोकांत बसवून नेतात ना, तशा फुलांत बसवलेल्या होत्या. कपाळभर विभूती. लई शांत चेहरा होता."

निळं गेट अण्णाचं. अण्णा जिवंत होता. मला एकदम हायसं वाटलं, आणि पुढच्याच श्वासाला त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. कारण त्या घरात जाण्यासारख्या वयाची बाई एकच होती. शिवम्मा वैनी.

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो आणि रडलो. लातूरला आयटीआयला होतो तेव्हा दोन्ही वर्षं वैनीचा डबा चाकूरहून एसटीने यायचा. ती पहाटे उठून भाकऱ्या थापायची, बसस्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हातात डबा द्यायची, आणि मी लातूरच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचो. कधी चुकला नाही. त्या बाईच्या जाण्याची बातमी मला एसीवाल्या अनोळखी पोराकडून कळली, आणि तीसुद्धा मीच तिला पोचवून आल्यावर.

शिल्पाला सांगितलं तर तीही रडली. पण मग डोळे पुसून म्हणाली, "अण्णांना काय वाटतंय, तुम्ही आलतात?"

"सगळ्यांनाच वाटतंय."

"मग वाटू द्या ना. देवानंच वाट काढून दिलीय, तुम्ही कशाला आडवे पडता? जा, पाया पडा, गप्प बसा. दोन वर्षांचं मिटून जाईल."

"खोटं बोलू?"

"बोलू नका म्हणते ना मी. नुसतं गप्प बसा. देगलूरच्या बाजारात गेलतात तेव्हा नव्हतं का गप्प बसलात?"

हिचं बरोबर की चूक, मला ठरवता येईना. स्वप्नालीची बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, म्हणून त्या दोघी मागून येणार होत्या. मी एकट्याने निघायचं ठरलं. गाडीसाठी रिजवानला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊ, गाडी माहूरला गेली. देवीच्या दर्शनाला. उद्याशिवाय येत न्हाई." म्हणजे माझी गाडी चाकूरला जाऊन आली होती, आता माहूरला पोचली होती, आणि मी एसटीच्या रांगेत उभा होतो.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीशी बसून मी मनात वाक्यं जुळवत होतो. 'अण्णा, मी आलो' असं म्हटलं तर ते खरं होतं, पण कधी आलो ते कुठे म्हटलं होतं? असं चोरासारखं वाक्य मला सुचलं आणि स्वतःचाच राग आला. राग आला की मला बरं वाटतं, पण त्या दिवशी तेही वाटलं नाही. कारण रागवायचं कुणावर ते कळत नव्हतं. न कळवणाऱ्या अण्णावर? रुमाल बांधून भलेपणाने खांदा देणाऱ्या जुबेरवर? की 'चाचा सोबतच आलेत' म्हणायला शिकवणाऱ्यावर, ज्याला मीच मान डोलावली होती?

निळ्या गेटाच्या आत जाजम अंथरलेलं होतं. भावकीतली माणसं बसली होती. मी "शरणार्थ" म्हणून हात जोडले आणि चप्पल काढली. अण्णा खांबाला टेकून बसला होता. दोन वर्षांत तो एवढा वाळला असेल असं मला वाटलं नव्हतं. तो उठला, आणि मी पाया पडायच्या आत त्याने मला मिठी मारली.

"मी कळवलं न्हाई तुला," तो माझ्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणाला. "समद्यांना बजावलं होतं, मन्मथला कुणी फोन लावायचा न्हाई म्हणून. दवाखान्यात तिनं विचारलं, मन्मथला सांगितलंत का? मी म्हणलो, सांगितलं तरी येणार न्हाई त्यो. ती म्हणाली, येईल बघा. न बोलावता येईल. हारलो मी, मन्मथ. तिचं खरं झालं."

हे मला शिल्पाने सांगितलं नव्हतं. म्हणजे तिला तरी कुठून ठाऊक असणार! मी गप्प बसायची तयारी करून आलो होतो, पण ती वैनीने माझ्यावर एवढी खात्री धरली होती हे कळायच्या आधीची तयारी होती. तिच्या त्या खात्रीवर फुकट चढून बसायचं मला सहन होईना.

"अण्णा, मी आलो नव्हतो," मी म्हणालो.

कोंडाबाई आत्या दारात बसली होती, ती पुढे सरकली. "असं कसं? मी माझ्या डोळ्यानं बघितलं. डोक्याला रुमाल बांधला होतास."

"तो मी नव्हतो, आत्या. तो जुबेर नावाचा पोरगा होता. गाडी माझी होती. मी ती भाड्याने देतो."

"भाड्यानं?" आत्याने गालावर हात ठेवला. "कशाला बाबा? तुला काय कमी पडलं?"

"कमी नाही पडलं. उभीच असते म्हणून."

शेजारचे एक काका, ज्यांची स्वतःची गाडी गेटाबाहेर उभी होती, ते कान टवकारून म्हणाले, "मग तिकडं परवडतं का हे? माझी बी उभीच असती. टॅक्सीची पाटी लावावी लागती का?"

"काका, आता ते राहू द्या ना," वीरेश म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण काका, मी स्वतः विचारलं त्या पोराला. त्यो म्हणला, चाचा सोबतच आलेत, आत्ताच इकडं गेलेत."

रडायला लागला होता तो माणूस म्हणजे वीरेश होता तर. "तसं म्हणायला शिकवलंय त्याला," मी म्हणालो. "कुणी हटकलं तर म्हणून."

"म्हणजे तुम्ही सोबत नसताना सोबत हायत म्हणायचं?"

"हाव."

"मग आता तुम्ही आलो नव्हतो म्हणताय, ते तरी कसं खरं धरायचं?"

मी सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. रिजवान, पांढरी पाटी, लातूरची सासुरवाडी, खाला. जितकं सांगावं तितकं ते बनवल्यासारखं वाटायला लागलं. आत्या म्हणाली, "भाड्याच्या गाडीवाला परक्या बाईला खांदा कशाला देईल? लाजतोय पोरगा. चोरून आलता ना, म्हणून." दोन-तीन जणांनी मान हलवली. कुणीतरी म्हणालं की मी रानाच्या वाटेला कडेने चालताना दिसलो होतो. दुसऱ्याने माझ्या अंगातल्या शर्टाचा रंगही सांगितला. तो माझ्याकडे असलेल्या शर्टाचाच होता, आणि एक क्षणभर खरंच मला वाटलं की मी आलो असेन.

"अण्णा, तू तरी ऐक," मी म्हणालो. "देवाशपथ, मी दुकानात होतो."

अण्णाने हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"मी तुझी पाठ वळखतो," तो म्हणाला. "सायकलीच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचो तुला. रोज तुझी पाठच असायची माझ्यासमोर. मला कुणी शिकवू नका माझ्या भावाची पाठ कोणती ते. त्यो आलता."

झालं. मोठ्या माणसाने सांगितल्यावर जाजमावर कुणी काही बोलणार नव्हतं. काका परत गाडीच्या भाड्याकडे वळले. आत्या आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी कप हातात धरून बसलो. खरं बोलून बघितलं, तेही अंगाला लागलं नाही. आता मी आलो होतो की नव्हतो, हे ठरवायचा हक्कसुद्धा माझ्याकडे राहिला नव्हता, आणि मला रागाऐवजी नुसतं रडू येत होतं.

चहा झाल्यावर अण्णा उठला. पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाला, "चल. जागा दाखवतो तुला."

मी उठलो, गेटाबाहेर आलो, आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं. जो मातीला आला होता त्याला जागा कशाला दाखवायची? मी अण्णाकडे बघितलं. तो पुढे चालत होता, मागे न बघता.

आमचं रान गावाला लागूनच आहे. बांधाच्या आतल्या बाजूला ताज्या मातीचा उंचवटा होता. वर बेलाची पानं सुकत आलेली. अण्णा थांबला.

"हितं बसवलंय तिला," तो म्हणाला.

मी वाकलो आणि बांधावरची मूठभर माती घेतली.

"अण्णा," मी म्हणालो, "तुला सगळं कळलंय ना?"

त्याने उपरण्याने तोंड पुसलं, दोनदा पुसलं. मग फार हळू म्हणाला, "फोन मी लावू दिला न्हाई. ती विचारत राहिली आन मी लावू दिला न्हाई. तू आला नव्हतास असं ठरलं, तर ते माझ्यामुळं ठरतं, मन्मथ. गावात परत आलो नव्हतो म्हणू नको."

मी हातातली माती वैनीवर टाकली.

"हाव," मी म्हणालो. "आलतो मी."